आमचं घर साडेचोपन्नचं

मार्चमधल्या एका रविवारी शेजारचं घर बघायला एक जोडपं आलं होतं. आमच्या भिंतीला भिंत लागून असलेलं ते घर बरीच वर्षं कुलूपबंद आहे. आईवडील गेले, मुलं पुण्याला, आता विकायला काढलंय. दलाल किल्ली विसरून आला होता, तो ती आणायला गेला आणि हे दोघं गल्लीत उन्हात उभे. म्हणून मी त्यांना आत बोलावून पाणी दिलं. लातूरकडची माणसं. तो इथल्या एका बँकेत बदलून आलेला, ती कॉलेजात शिकवणारी. तांब्या खाली ठेवता ठेवता तिनं सहज विचारलं, "काकू, इथं पुराचं पाणी येतं का?" दलालाची पाठ वळल्यावर विचारायचा प्रश्न तिनं बरोबर त्याच वेळी विचारला, याचं मला कौतुक वाटलं. मी म्हटलं, "तुम्ही बघताय त्या घराचा उंबरा त्रेपन्नचा. आमचा साडेचोपन्नचा. गल्लीत एक्कावन्नला येतं." दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग सांगलीतला कृष्णेवरचा आयर्विन पूल, तिथली पाण्याची उंची दाखवणारी फुटांची पट्टी, चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि पट्टीवर त्रेपन्न झालं की त्या घराच्या उंबऱ्याला पाणी लागतं, हे सगळं उलगडून सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हो, पण म्हणजे किती वर्षांनी एकदा?"

तेवढ्यात दलाल आला, आणि ते उठले.

तिच्या त्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सांगलीत लग्न होऊन आल्याला अर्धं आयुष्य झालं, दर पावसाळ्यात नदीचा आकडा तोंडपाठ असतो, पण 'किती वर्षांनी एकदा' असं मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. इथं जुलै लागला की 'पाणी किती?' या प्रश्नाचं उत्तर फुटांतच येतं, आणि पाठोपाठ पुढचा प्रश्न, 'चढतंय का उतरतंय?' कोयनेतून किती सोडलं, वारणेतून किती, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विसर्ग किती लाख क्युसेक, याची चर्चा चहाच्या गाड्यावर चालते. कोयना १०५ टीएमसीची, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाण्याची, आणि अलमट्टी १२३ची हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड इथली मंडळी इशारा पातळी जाहीर व्हायच्या आधीच बोचकी बांधायला घेतात. बाकी प्रत्येक घराला आपापला आकडा आहे. एका लग्नाच्या बोलणीत मुलीच्या वडिलांनी "घर कितीचं?" असं विचारल्यावर मुलाकडच्यांचे चेहरे पडलेले मी पाहिलेत. ते सोलापूरचे होते, त्यांना वाटलं किंमत विचारतायत.

बाहेरच्या माणसाला आणखी एक गोष्ट पटवून देणं अवघड जातं. इथं पूर येतो तेव्हा पाऊस असायलाच पाहिजे असं नाही. पाऊस पडतो वर, महाबळेश्वर-कोयनेच्या डोंगरात. खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते, पुढं नरसोबावाडीला पंचगंगा. या दोघी फुगल्या की कृष्णेला पुढं सरकायला वाट राहत नाही, ती मागं तुंबते. त्यामुळं आभाळ स्वच्छ, ऊन पडलेलं, दोरीवर कपडे वाळतायत, आणि गल्लीच्या तोंडाशी पाणी आलेलं. आवाज नाही, लोंढा नाही. गटाराच्या जाळीतून आधी बुडबुडे येतात, मग काळं पाणी वर येतं, झुरळं आणि गोमा भिंतीनं वर चढायला लागतात. सासूबाईंना नदीपेक्षा गोमांवरून पाण्याचा अंदाज जास्त बरोबर येतो.

आता आमच्या साडेचोपन्नची गोष्ट. २००५ला इथं जवळपास ५४ फूट पाणी झालं, तेव्हा हे घर जुनं होतं आणि उंबरा खाली होता. आत गुडघाभर पाणी आलं. जुनी माणसं म्हणाली, एवढं पाणी आम्ही जन्मात बघितलं नव्हतं. पुढं दोन-तीन वर्षांनी घर पाडून नवं बांधलं तेव्हा सासऱ्यांनी गवंड्याला जुन्या भिंतीवरची चिखलाची रेघ दाखवली आणि सांगितलं, जोतं याच्यावर वीतभर घ्यायचं. गल्लीत ज्यांनी ज्यांनी त्या काळात घरं बांधली, त्यांनी असंच केलं. रेघ हाच आमचा नकाशा. त्यात चूक काय होती असं आजही मला म्हणवत नाही. माणूस डोळ्यांनी बघितलेल्यावरच घर बांधणार. फक्त २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी साडेसत्तावन्नवर गेलं. नव्या उंच जोत्याच्या घरात कमरेच्या वर पाणी. दोन वर्षांनी, जुलै २०२१मध्ये, ते पंचावन्नच्या आसपास थांबलं आणि आत घोटाभर आलं, तेव्हा गल्लीतले लोक "यंदा वाचलो" म्हणत एकमेकांना पेढे द्यायचेच बाकी होते.

२०१९चं काय लिहायचं? ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, त्यापुढं आमच्या घरातल्या चिखलाची गोष्ट सांगायलाही संकोच वाटतो. पण घर म्हटलं की चिखलाचंच बोलावं लागतं. पाणी चढत होतं तोवर वेळ होता. धान्याचे डबे, गाद्या, टीव्ही, मुलांची दप्तरं, सगळं माळ्यावर आणि वरच्या खोलीत चढवलं. सांगलीकर या कामात तरबेज आहेत. वर चढवता येत नाही ते राहतं: सागवानी कपाट, दिवाण, ओट्याखालच्या ट्रॉल्या, भिंतीतलं वायरिंग, पाण्याची मोटर. आणि भिंती. आठवडाभर पाण्यात उभ्या राहिलेल्या भिंती ओसरल्यावर बाहेरून ठणठणीत दिसतात आणि पुढचे दोन-तीन उन्हाळे आतून सुटत राहतात. हात लावला की पोपडा. दारं अशी फुगली की खोल्या उघडायला सुताराला पटाशी घेऊन यावं लागलं. आणि वास. कुजलेला गहू, मैला, डिझेल, मेलेली जनावरं, वर महापालिकेनं मारलेली ब्लिचिंग पावडर. हरभट रोडवरून येताना मधेच ओल्या हळदीचा एक झुळका यायचा आणि त्या घाणीत तो चक्क बरा वाटायचा.

हळदीवरून आठवलं. सासूबाईंचं माहेर हरिपूरचं. त्यांच्या लहानपणी घराच्या आजूबाजूला जमिनीखाली हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायचे खोल खड्डे, होती. तोंड बंद केलं की आत हवा नाही, कीड नाही, हळद वर्षानुवर्षं टिकायची आणि सांगलीच्या बाजारात पेवातल्या हळदीचा रुबाब वेगळा असायचा. २००५च्या पाण्यानं ती बहुतेक निकामी झाली. त्यानंतर माल गोदामांत आणि शीतगृहांत गेला, आणि तिथल्या मालावर बँक कर्ज देते म्हणून त्याचा विमाही असतो. म्हणजे या गावात हळदीला पुराचा विमा मिळाला, माणसांच्या घरांना नाही. हे मी एकदा सासूबाईंना म्हटलं तर त्या म्हणाल्या, "हळद विकायची असते. घर विकायचं असतं होय?"

पुन्हा २०१९कडे येते. पाणी उतरल्यावर तलाठी पंचनामा करायला आले. सगळी गल्ली दारात उभी. पंचनाम्यात घरात किती पाणी शिरलं, भिंत पडली का, छप्पर गेलं का, एवढंच असतं आणि तेवढंच असणार. सरकारी मदत ही मदत असते. २०२१च्या पुरानंतर राज्यानं जाहीर केलं त्यात पुराचा फटका बसलेल्या कुटुंबाला १०,००० रुपये आणि पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख होते. दीड लाखात घर उभं राहत नाही हे देणाऱ्यालाही माहीत असतं आणि घेणाऱ्यालाही. त्या आठवड्यात घोषणा, मदतीचे ट्रक, बिस्किटांचे पुडे आणि फोटो यांचा जो काही गोंधळ झाला, त्यातही परगावच्या माणसांनी आणलेल्या चपात्यांची ऊब मी विसरणार नाही. पण चपात्यांनी वायरिंग होत नाही.

आमच्या गल्लीत त्या वेळी घराचा विमा असलेलं माणूस एकच, समोरचे अण्णा. निवृत्त, शिस्तीचे, कागद प्लास्टिकच्या पिशवीत. त्यांच्याकडे विमा कंपनीचा सर्व्हेअर आला तेव्हा आम्ही सगळे कठड्यावरून बघत होतो. तलाठ्यांनी विचारलं होतं पाणी किती आलं. या माणसानं विचारलं काय काय भिजलं, ते कधी घेतलं, बिल आहे का, फोटो आहे का. फोटो होते, कारण अण्णांच्या सुनेनं चिखल ओढून टाकायच्या आधी मोबाईलवर प्रत्येक खोली टिपली होती. आम्ही बाकीच्यांनी पाणी ओसरल्याबरोबर सगळं रस्त्यावर फेकलं आणि डंपर येऊन घेऊन गेला. अण्णांना पैसे मिळाले, पण अपेक्षेपेक्षा बरेच कमी. घर जुनं म्हणून घसारा कापला. आणि दुसरं एक कलम निघालं: घर वीस लाखांचं आणि विमा दहा लाखांचा असेल, तर नुकसानही निम्मंच भरून द्यायचं. हप्ता कमी यावा म्हणून एजंटनं रक्कम कमी लावली होती, आणि असं कलम आहे हे त्यानं सांगितलं नव्हतं. अण्णा वर्षभर चिडून होते. आम्हाला मात्र तेवढ्यावरून एक सोयीचा निष्कर्ष मिळाला: विम्याचं काही खरं नाही.

त्या लातूरच्या मुलीच्या प्रश्नानं मला पहिल्यांदा महापालिकेत पूररेषेचा नकाशा बघायला नेलं. नकाशावर नदीच्या दोन्ही अंगांना दोन रेषा असतात, निळी आणि लाल. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येईल असं पाणी जिथवर पोचतं ती, आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पाण्याची. निळीच्या आत बांधकाम नको, दोन्हींच्या मधे असेल तर लाल रेषेच्या वर जोतं उचलून, अशी साधारण रीत. नियम कागदावर कसे आणि नदीकाठी कसे, हे सांगलीकरांना सांगायची गरज नाही. आमचं घर दोन रेषांच्या मधे निघालं. मी जरा खूश झाले. चला, शंभर वर्षांतून एकदा. २०१९ला येऊन गेलं, आता नातवंडांच्या काळात बघू.

रात्री मुलाला सांगितलं तर तो हसला. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, हसायचा हक्क आहे. म्हणाला, आई, शंभर वर्षांतून एकदा याचा अर्थ एकदा आलं की शंभर वर्षं सुट्टी, असा नाही. दर वर्षी शंभरातली एक शक्यता. येऊन गेल्यानंतरच्या वर्षीही तेवढीच. मग त्यानं वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. वीस वर्षांचं गृहकर्ज धर. लाल रेषेवरच्या घरात कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता १८ टक्के. निळ्या रेषेवरच्या घरात ५६ टक्के. म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा वाईट. आमचं घर या दोहोंच्या मधे कुठंतरी. आणि हे गणित झालेल्या पुरांच्या नोंदींवरून. त्या नोंदींत २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर सतरा वर्षांच्या आत बसलेत. रेषा आखणाऱ्याला त्या पुन्हा आखाव्या लागतात, त्या वर सरकतात, घर मात्र होतं तिथंच असतं. गणित मला पूर्ण कळलं असं म्हणणार नाही. पण ५६ हा आकडा दिसल्यावर पोटात काहीतरी झालं, जे ५४ फूट म्हणताना इतक्या वर्षांत कधी झालं नव्हतं. फुटांचा आकडा आला की सांगलीकर काय वर चढवायचं याचा विचार करतो. टक्क्यांचा आकडा आला की चढवता येत नाही त्याचं काय, हा विचार सुरू होतो.

इथं कुणीतरी अलमट्टीचं नाव काढणार, तिच्या फुगवट्यानंच आपल्याकडं पाणी चढतं म्हणणार, हे मला माहीत आहे. आमच्या गल्लीत पुराची कुठलीही चर्चा पाचव्या मिनिटाला अलमट्टीवर जाते. २०१९च्या पुरानंतर सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं अहवाल दिला, त्यात अलमट्टीला मुख्य दोषी धरलं नाही. इथल्या पुष्कळांना ते आजही मान्य नाही, आणि कर्नाटकानं धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६वर न्यायचं म्हटलं की रस्त्यावर माणसं उतरतात. उतरायलाच हवं. नदीपात्रातली भर, ओढ्यांवरचे बंगले, पुलांचे भराव यांचंही बोलायला हवं. पण हे भांडण माझ्या हयातीत मिटेल असं मला दिसत नाही, आणि ते मिटेपर्यंत माझ्या ओट्याखालच्या ट्रॉल्यांचं काय करायचं, याचं उत्तर त्यात नाही.

कपाट उपसून आमच्या घरकर्जाची फाईल काढली. नवरा खात्रीनं म्हणत होता, घराचा विमा आहे, बँकेनंच कर्ज देताना काढलाय. कागद निघाला. तो त्याच्या आयुष्याचा विमा होता. तो गेला तर कर्ज फिटणार, घर बुडालं तर काही नाही. नंतर मी गल्लीत चार ठिकाणी विचारलं. दोन घरांत हीच कथा, आणि तिसऱ्या घरात इमारतीचा विमा खरंच होता, पण कर्ज फिटलं त्या वर्षी बंद झालेला. म्हणजे पाणी आल्यावर बँकेचे पैसे सुरक्षित राहावेत म्हणून काढलेला विमा, बँकेचे पैसे फिटल्यावर संपला. याला कुणी फसवणूक म्हणणार नाही. सह्या आपल्याच असतात.

१ एप्रिल २०२१पासून घरासाठी 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ठेवावी लागते. तिची पुस्तिका मी चष्मा लावून, पेन्सिल घेऊन वाचली. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड सगळं त्यात आधीच धरलेलं आहे; पुरासाठी वेगळं मागावं लागत नाही. दहा वर्षांपर्यंत एकदम काढता येते. इमारतीची रक्कम म्हणजे आज तेच घर पुन्हा बांधायचा खर्च, जागेची किंमत त्यात येत नाही, कारण जागा वाहून जात नाही. आमच्या भागात घराच्या किमतीत जागेचाच वाटा मोठा, त्यामुळं विम्याचा आकडा वाटला होता त्यापेक्षा खूप लहान निघाला. नऊशे चौरस फूट आणि बांधकामाचा दर दोन हजार धरला तर अठरा लाख. इमारतीच्या रकमेच्या २० टक्क्यांएवढं, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातलं सामान आपोआप धरतात; यादी द्यायची गरज नाही, त्याहून जास्त हवं असेल तर मात्र द्यायची. दागिने वेगळे सांगून घ्यावे लागतात. रोख रक्कम नाही. घर राहण्याजोगं नसेल तेवढा काळ दुसरीकडं राहायचं भाडं मिळतं. चिखल-राडारोडा काढायचा खर्चही काही टक्के. आणि अण्णांना ज्यानं बुडवलं ते निम्म्याचं कलम या पॉलिसीत लागत नाही. मी हे त्यांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "मला आता सांगतीयस?" नव्या पॉलिसीतही काही अडलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, आणि तिथं नाही झालं तर पुण्याचे विमा लोकपाल, हा रस्ता अण्णांनीच मला सांगितला. एवढं पोळूनही त्यांनी विमा सोडलेला नाही, ही गोष्ट आम्ही इतके दिवस लक्षातच घेतली नव्हती.

हप्ता ऐकून मी दोनदा विचारलं. चौघांच्या हॉटेलातल्या एका जेवणाएवढा. आणि एक मजा अशी की नदीपासून आमचं घर किती लांब, लाल रेषेच्या आत की बाहेर, हे फॉर्मवर कुठं विचारलेलंच नव्हतं. मागं घरात पाणी आलं होतं का, एवढं विचारलं, ते खरं लिहिलं. मला हे सोयीचं आहे, पण फार काळ असंच राहील असं वाटत नाही. एखाद्या दिवशी या कंपन्याही 'उंबरा कितीचा?' विचारायला लागतील आणि मग सूर्यवंशी प्लॉटातल्या माणसाला हप्ता परवडणार नाही. ज्याला सगळ्यात जास्त गरज त्यालाच तो महाग, असं झालं तर सरकारनं काय करावं, याचा विचार पूर नसताना करायला हवा. पूर असताना नुसत्या घोषणाच सुचतात.

चिपळूणच्या मामेभावाला फोन केला. २२ जुलै २०२१ला तिथं वाशिष्ठीनं जे केलं ते आमच्यासारखं चार दिवस सांगून केलेलं नव्हतं. रात्रीतून पाणी आलं. वर चढवायला वेळच नाही. त्याच्या दुकानाचा विमा होता म्हणून तो पुन्हा उभा राहिला, पण गाडीबाबत फसला. पाणी उतरल्यावर किल्ली फिरवून बघितली, इंजिनात पाणी होतं, आतून मोडलं. भिजलेली गाडी चालू करून इंजिन गेलं तर साध्या विम्यात ते धरत नाहीत, त्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. "ढकलत नेली असती तर वाचलो असतो," म्हणाला. मी त्याला घराबद्दल विचारलं. घराचा विमा त्यानं अजून काढलेला नाही. दुकान म्हणजे धंदा, घर म्हणजे घर, असं काहीसं म्हणाला. हळदीचीच गोष्ट पुन्हा.

आमच्याकडं खरा अडथळा पैशाचा नव्हता, सासूबाईंचा होता. कृष्णामाई दारात आली की त्या ओटी भरतात. २०१९लाही भरली, जिन्याच्या चौथ्या पायरीवर उभं राहून, खण-नारळ हळद-कुंकू लावून पाण्यात सोडला, तेव्हा खाली त्यांचा सागवानी दिवाण तरंगत होता. मला त्या वेळी रागच आला होता. आता येत नाही, पण पूर्ण कळलं असंही नाही. विम्याचं ऐकून त्या म्हणाल्या, "माई आली म्हणून पैसे घ्यायचे? आणि आली नाही तर?" नाही आली तर हप्त्याचे पैसे गेले, हे त्यांना दुसऱ्या कारणानं खटकत होतं: पैसे वसूल व्हावेत म्हणून तरी यावी असं आपल्या मनात येईल, आणि तसं मनात येणं वाईट. यावर मी काय बोलणार? विम्याच्या पुस्तिकेत याला कलम नाही.

ती लातूरची मुलगी एप्रिलात पुन्हा येऊन गेली, या वेळी एकटी. घराची किंमत पाच टक्क्यांनी खाली आणली होती त्यांनी. मी तिला टक्क्यांचं दुसरं गणित दाखवलं, वहीच्या मागच्या पानावरचं. तिनं ते मोबाईलमध्ये टिपून घेतलं आणि म्हणाली, २०१६च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा ती घागर घेऊन रांगेत होती. "तुमच्या कृष्णेचं पाणी आम्ही मोजून प्यायलोय काकू. पहिल्या गाडीला पाच लाख लिटर, आणि घरटी किती ते ठरलेलं." ज्या गावाला पाणी लिटरमध्ये कळतं त्या गावची मुलगी, फूट मोजणाऱ्या गावात घर घेऊ बघतेय. घेईल की नाही, माहीत नाही. घेतलंच तर सासूबाईंच्या दिवाणासारखं जड काही खाली ठेवू नको, एवढं सांगितलंय.

शेवटी आम्ही विमा काढला. सासूबाईंनी विरोध सोडला नाही, फक्त व्यवहारात लक्ष घातलं. सामान आपोआप धरतात म्हटलं तरी मुलानं घरभर फिरून फोटो काढले, मिक्सरपासून मोटरपर्यंत नंबर टिपले. सासूबाई त्याच्या मागोमाग फिरत प्रत्येक वस्तूची त्यांच्या काळची किंमत सांगत होत्या, त्यामुळं यादी दुप्पट वेळ चालली. पॉलिसीचा छापील कागद आला तो मी कपाटात, नेहमीच्या फायलीत ठेवायला निघाले, तर म्हणाल्या, "तिथं नको. एकोणीसला ते कपाटच बुडलं होतं." मग मोबाईलमध्ये आहे म्हटलं, तर मोबाईल चार्जिंगविना चार दिवस बंद होते, याची आठवण करून दिली. कागद आता विश्रामबागेत त्यांच्या बहिणीकडं आहे, कारण तिथं पाणी येत नाही. बहिणीनं कागद ठेवून घेतला आणि विचारलं, आमच्याकडं पाणी येतच नाही, मग आम्ही कशाला काढायचा? सासूबाई म्हणाल्या, "दोन हजार पाचला आम्हीपण हेच म्हणत होतो," आणि फॉर्म आणायला मला सांगितलं.